व्हायरस गेला, कुलूप तसंच

उद्या लग्नाचा अल्बम द्यायचाय आणि स्टुडिओतल्या संगणकावर एक फोटो उघडेल तर शपथ. प्रत्येक फाईलच्या नावामागे चार अक्षरांचं अनोळखी शेपूट चिकटलंय, आयकॉन पांढरे पडलेत आणि फोल्डराफोल्डरांत ‘रीडमी’ नावाची टेक्स्ट फाईल येऊन बसलीय. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आत कसं शिरतं ते गेल्या आठवड्यात पाहिलं. शिरल्यानंतरचं आज बघू, आणि नमुना म्हणून ‘स्टॉप’ उर्फ ‘डीजेव्हीयू’ ही जात घेऊ.

२०१७ साली गाजली ती वॉनाक्राय आणि नॉटपेट्या ही नावं. नॉटपेट्याने तर आपल्या जेएनपीटीतलं मर्स्कचं टर्मिनल ठप्प केलं होतं. डीजेव्हीयू असल्या बड्या शिकारीच्या नादी लागत नाही. घरचा संगणक, डीटीपीचं दुकान, फोटो स्टुडिओ, थोडक्यात जिथे महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून वापरतात, तिथे तो हमखास भेटतो. क्रॅकसोबतच्या सूचनेत लिहिलेलं असतं, आधी ॲन्टिव्हायरस बंद करा. आपण इमानेइतबारे तो बंद करतो. मग पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी झळकते आणि ती पाहत आपण चहा घेत असताना मागे फायली कुलूपबंद होत जातात.

अशा वेळी नेहमीच्या संगणकवाल्याला फोन जातो आणि तिकडून उत्तर येतं, “घेऊन या, फॉरमॅट मारतो.” माझा सगळा आक्षेप या वाक्यावर आहे. फॉरमॅटने व्हायरस जातो, हे खरं. पण कुलूपबंद फायली आणि त्या सोडवायला लागणारा पुरावाही त्याच झाडूने बाहेर जातो.

आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, जोडलेली हार्डडिस्क सोडवा. फायलींची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि संगणक बंद पाडा. (कचेरीतल्या सर्व्हरला मात्र हा न्याय लावू नका. त्याचं नेट तोडून तो चालूच ठेवा आणि जाणकाराला बोलवा. मेमरीतल्या खुणा बंद केल्यावर पुसल्या जातात.) नंतर सेफ मोडमध्ये सुरू करा. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज. तिथे पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ चा आकडा. आता एका रिकाम्या पेनड्राईव्हवर ती ‘रीडमी’, म्हणजेच खंडणीची चिठ्ठी, आणि दोन-तीन कुलूपबंद फोटो घ्या. चिठ्ठी निव्वळ मजकूर असते, तिच्यातून लागण होत नाही.

आता व्हायरसची मूळ फाईल. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाईलची एक्स्टेन्शन्स आणि लपवलेल्या वस्तू दिसतील असं करा. सी ड्राईव्हमध्ये यूजर्स, त्यात तुमचं नाव, मग ‘ॲपडेटा’, त्यात ‘लोकल’. इथे आकडे, अक्षरं आणि मधे चार आडव्या रेघा अशा लांबलचक नावाचा फोल्डर दिसला आणि आत एकटीच ‘ईएक्सई’ फाईल असली, की संशय घ्यायला जागा आहे. पण नुसत्या नावावरून दोषी ठरवू नका, कारण साळसूद प्रोग्रामही असले फोल्डर करतात. टास्क शेड्यूलर उघडा. ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाची नोंद तीच फाईल ठरावीक वेळाने पुन्हा चालवत असेल आणि स्टार्टअपच्या यादीतली ‘सिसहेल्पर’ नावाची नोंदही तिच्याकडेच बोट दाखवत असेल, तर चोर सापडला. कामाची नोंद तशीच ठेवून फक्त फाईल उडवली तर उपयोग अर्धाच. शिवाय तो आपल्या फोल्डरची परवानगी बदलून ठेवतो, त्यामुळे डिलीट करताना विंडोज नकार देतं. म्हणून काढायचं काम मी डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनवर सोडतो. विंडोज सुरू होण्याआधीच तो तपासतो, त्यामुळे व्हायरसला हालचाल करता येत नाही. हाताने शोधायचं ते स्कॅन झाल्यावर काही उरलंय का हे कळावं म्हणून.

सफाई झाल्यावर ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा. सी ड्राईव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा वाटेवर ती सापडेल. हा पठ्ठ्या तिच्यात सुरक्षा कंपन्यांच्या आणि मदतीच्या संकेतस्थळांची नावं ओळीने लिहून ठेवतो, म्हणजे तुम्ही मदत शोधायला गेलात की पान उघडतच नाही. त्या ओळी काढून टाका.

व्हायरस गेला, तरी फोटो उघडत नाहीतच. शेपूट काढून पुन्हा जेपीजी लिहून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याने काही होत नाही. इथे पेनड्राईव्हवरची चिठ्ठी कामाला येते. दुसऱ्या संगणकावरून ती आणि एक कुलूपबंद फाईल ‘आयडी रॅन्समवेअर’ या मोफत सेवेला दिली की जात कळते. डीजेव्हीयूच असेल तर चिठ्ठीच्या तळाचा ओळख क्रमांक वाचा. तो ‘टी१’ने संपत असेल तर आशा आहे. हल्ल्याच्या वेळी व्हायरसला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, म्हणून त्याने पोटात बाळगलेली किल्ली वापरली. त्या आवृत्तीच्या अशा सगळ्यांना एकच किल्ली लागू पडते. एमसीसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये मोफत डिक्रिप्टर काढला तेव्हा १४८ आवृत्त्यांवर इलाज निघाला होता. क्रमांक दुसऱ्या कशाने संपत असेल आणि आवृत्ती नवी असेल, तर तूर्त किल्ली नाही, हे मान्य करून डिस्क बाजूला ठेवावी.

व्हिडिओवाल्यांना मात्र एक सवलत आहे. घाईत असल्यामुळे डीजेव्हीयू प्रत्येक फाईलचा फक्त सुरुवातीचा दीडशे केबीच्या आसपासचा भाग कुलूपबंद करतो. फोटो त्यात बहुधा जायबंदी होतो, पण लग्नाच्या तासाभराच्या एमपी४मध्ये बाकी सगळं शाबूत असतं. त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची एखादी चांगली क्लिप हाताशी असेल, तर दुरुस्तीची साधनं तिच्या आधारे व्हिडिओ पुष्कळदा पुन्हा उभा करतात.

चिठ्ठीत बहुतेकदा ९८० डॉलर मागितलेले असतात, ७२ तासांत दिले तर निम्मे. चांगुलपणा म्हणून एक फाईल फुकट उघडून देण्याचं आमिषही असतं. पैसे भरून किल्ली मिळेलच, असं कोणी सांगू शकत नाही. मी भरा म्हणणार नाही.

सगळं वेगळ्या डिस्कवर काढून झालं की मग खुशाल फॉरमॅट मारा. पण एवढ्याने भागत नाही. डीजेव्हीयू पुष्कळदा पासवर्ड चोरणारा जोडीदारही सोबत आणतो. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड तुम्ही चिठ्ठी वाचायच्या आतच बाहेर गेले असतील, असं धरून चाला. ते दुसऱ्या यंत्रावरून बदला, ईमेलला दुहेरी पडताळणी लावा आणि खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करा. हे सगळं त्याच दिवशी. अल्बमची तारीख पुढे ढकलता येते.