युरियातील नत्र हवेत का उडून जाते?

देवळाली प्रवरा परिसरात ऊस हे महत्त्वाचे बागायती पीक आहे. उसाची नत्राची मोठी गरज बहुतांशी युरियाने भागविली जाते. 45 किलोच्या एका गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे 20.7 किलो नत्र असते. परंतु जमिनीवर फोकून दिलेल्या युरियातील नत्राचा काही भाग पिकास न मिळता वायुरूपाने निघून जातो. याचे मूळ जमिनीतील यूरिएज या विकरात, म्हणजेच एंझाइमात आहे.

विकर हा सजीवांनी तयार केलेला प्रथिनमय पदार्थ होय. तो स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेचा वेग वाढवितो. 1926 साली अमेरिकेतील जेम्स समनर यांनी जॅक बीन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून यूरिएज स्फटिकरूपात वेगळे केले. या कार्याबद्दल त्यांना 1946 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मोकळे विकर जमिनीत फार काळ टिकत नाही. सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात. परंतु चिकणमातीचे कण व ह्युमसचे मोठे रेणू यांना चिकटलेले यूरिएज सुरक्षित राहते. त्याचा वेग काहीसा मंदावतो, पण आयुष्य पुष्कळ वाढते. शास्त्रज्ञही हेच साधतात. लहान रेणूंच्या लांब साखळीस बहुवारिक म्हणतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकाच्या साखळ्या अ‍ॅस्परॅजिनेज या विकरास जोडल्या असता रक्ताच्या कर्करोगावरील ते औषध शरीरात अधिक काळ कार्य करते.

अशा रीतीने जमिनीत यूरिएजचा साठा सदैव असतो. ओल मिळताच ते युरियाचे अमोनियम कार्बोनेट बनविते. ही क्रिया पृष्ठभागावर घडल्यास, विशेषतः सामू जास्त असलेल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, अमोनिया वायू हवेत जातो. 2015 पासून देशात तयार होणाऱ्या युरियास निंबोळी तेलाचा लेप देणे बंधनकारक आहे. परंतु हा लेप मुख्यतः अमोनियाचे नायट्रेट होण्याची पुढील क्रिया मंदावतो. म्हणून लेप असला तरी युरिया उघडा टाकू नये.

ग्रामसेवकांनी पुढील प्रात्यक्षिक अवश्य दाखवावे. दोन बरण्यांत एकाच शेतातील ओलसर माती घ्यावी. एकीत चमचाभर युरिया वर पसरावा, दुसरीत तो तीन इंच मातीखाली गाडावा. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळविलेला कागद ओला करून प्रत्येक झाकणाच्या आत चिकटवावा. एकदोन दिवसांत पहिल्या बरणीतील कागद तांबडा होऊ लागेल, दुसरीतील बहुधा पिवळाच राहील.

शेतकरी बंधूंनी पुढील काळजी घ्यावी:

1. युरिया ओळीलगत चर काढून दोन ते तीन इंच खोल द्यावा व मातीने झाकावा.
2. त्यानंतर लगेच हलके पाणी द्यावे.
3. उसाचे नत्र लागणीच्या वेळी 10, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 व मोठ्या बांधणीच्या वेळी 40 टक्के असे विभागून द्यावे.

मातीआड केलेले नत्रच पिकाच्या मुळाशी पोहोचते.