ग्रीक मंदिरांच्या तीन स्तंभशैली

ग्रीक वास्तुकलेत स्तंभशैली म्हणजे चौथऱ्यापासून वळचणीपर्यंतच्या सर्व भागांची एकमेकांशी बांधलेली प्रमाणे. खांबाची जाडी ठरली की त्याची उंची, दोन खांबांमधले अंतर आणि वरच्या तुळईची जाडी यांना मर्यादा पडतात. अशा तीन शैली ग्रीकांनी घडवल्या: डोरिक, आयोनिक आणि कॉरिंथियन.

डोरिक शैली सर्वांत भारदस्त. तिच्या खांबाला बैठक नसते. तो थेट चौथऱ्यावर उभा राहतो. अंगावर सहसा वीस उथळ पन्हळी असतात आणि दोन पन्हळींमधली कड धारदार असते. माथ्यावर उशीसारखा फुगीर गोल दगड, त्यावर चौकोनी पाट आणि मग तुळई. तुळईवरच्या पट्ट्यात उभ्या खाचांचा ट्रिग्लिफ आणि सपाट किंवा शिल्पांकित मेटोप आळीपाळीने येतात. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसच्या मते ट्रिग्लिफ ही जुन्या लाकडी तुळयांच्या टोकांची दगडातली नक्कल. तर्क आकर्षक आहे, पण तुळयांची टोके दोनच बाजूंना दिसतील आणि ट्रिग्लिफ तर मंदिराच्या चारही बाजूंना असतात. लाकूड आधी होते, हे मात्र खरे. ऑलिम्पियातल्या हेरा देवीच्या मंदिराचे लाकडी खांब एकेक करून बदलून दगडी केले गेले; इ.स.च्या दुसऱ्या शतकात आलेल्या पॉसेनिअस या प्रवाशाला तिथे ओकचा एक खांब अजून उभा दिसला.

या शैलीची खरी परीक्षा कोपऱ्यावर होते. प्रत्येक खांबाच्या मध्यावर एक ट्रिग्लिफ हवा आणि पट्ट्याचा शेवटही ट्रिग्लिफनेच व्हावा, असे दोन नियम. तुळई ट्रिग्लिफपेक्षा जाड असल्याने कोपऱ्यावर हे दोन्ही एकत्र जुळत नाहीत: ट्रिग्लिफ टोकाला नेला की तो खांबाच्या मध्यावरून सरकतो आणि शेजारचा मेटोप रुंद होतो. यावर ग्रीकांनी कोपऱ्यातला खांब शेजाऱ्याच्या जवळ आणण्याची तोड काढली. तरीही काही वास्तुकारांनी मंदिरासाठी डोरिक शैली नकोच, असे मत दिल्याचे व्हिट्रुव्हिअस नोंदवतो.

इक्टिनॉस आणि कॅलिक्रॅटिस यांनी अथेन्समध्ये इ.स.पू. ४४७ पासून बांधलेले पार्थेनॉन बाहेरून डोरिक आहे: पुढे-मागे आठ आणि लांबीच्या बाजूंना सतरा खांब, प्रत्येकाची उंची सुमारे साडेदहा मीटर. खांब मध्याच्या आसपास किंचित फुगीर आणि आत झुकलेले आहेत. कोपऱ्यातले इतरांपेक्षा थोडे जाड. चौथराही सपाट नाही. लांब बाजूला तो मध्यभागी सुमारे अकरा सेंटिमीटर उचललेला आहे. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दगड आपल्या जागेपुरता वेगळा तासावा लागला. गाभाऱ्याच्या भिंतीवर मात्र सुमारे १६० मीटर लांबीचा अखंड शिल्पपट्ट होता, आणि तो आयोनिक परंपरेतला.

आयोनिक खांब सडपातळ. त्याला कोरीव बैठक असते, सहसा चोवीस खोल पन्हळी, आणि शिरावर दोन्हीकडे वळलेली वेटोळी. हे शीर्ष समोरून एक आणि बाजूने वेगळे दिसते, म्हणून इथेही कोपरा अडतोच. तिथले वेटोळे पंचेचाळीस अंशांत बाहेर वळवून दोन्ही दर्शनी बाजू साधल्या जातात. अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या एरेक्थिऑन मंदिरात या शैलीचे सर्वांत नाजूक काम आहे: अंडाकृती आणि बाणाग्रांची रांग, मण्यांची माळ, कमळासारख्या पाकळ्यांची वेल. त्याच्या दक्षिण मंडपात खांबांऐवजी सहा स्त्रीमूर्ती छत पेलतात. आज संगमरवर पांढरा दिसत असला तरी ही नक्षी निळ्या, तांबड्या रंगांनी आणि ठिकठिकाणी सोन्याने उठून दिसत असे.

कॉरिंथियन शैली शेवटची, आणि वेगळेपण मुख्यतः शीर्षातच. एका मुलीच्या थडग्यावर ठेवलेल्या टोपलीभोवती अकँथस या वनस्पतीची पाने उगवलेली पाहून कॅलिमॅकस या शिल्पकाराला ती सुचली, अशी व्हिट्रुव्हिअसची गोष्ट. तिला पुरावा मानू नये. चारही बाजूंनी सारखे दिसणारे हे शीर्ष कोपऱ्याचा प्रश्नच मिटवते. त्याचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण बॅसीच्या अपोलो मंदिराच्या गाभाऱ्यात होते, आणि पुढे रोमनांनी ते सर्वाधिक वापरले. गांधारातल्या शिल्पकारांनी त्याच पानांमध्ये बुद्धमूर्ती बसवल्या. डोरिक मात्र मुंबईत पोहोचली ती इंग्रजांमार्फत: १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलचा, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीचा, दर्शनी मंडप डोरिक खांबांवर उभा आहे.