कर्सरच्या उड्या
टेबलावरची यंत्रं : लेखांक ९

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्वेची वस्ती, पुढे उल्हासनगर, आणि एसटीच्या आगारामुळे गाड्यांच्या पाट्यांवरून गावोगाव फिरणारं नाव. अशा उपनगरी स्टेशनाबाहेर एक ठरावीक दुकान असतंच. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पॅनकार्ड आणि लग्नपत्रिका, सगळं एकाच काउंटरवर आणि बहुधा दोनच कम्प्युटरवर. आजचं दृश्य अशाच एका दुकानातलं. दुकान प्रातिनिधिक आहे, पण दुखणं अगदी खरं.

दुकानदार काका कोरलड्रॉमध्ये पत्रिका लावत आहेत. गणपतीच्या सोंडेभोवती रेघ ओढताना कर्सर मध्येच थबकतो आणि एकदम वधूपित्याच्या नावावर जाऊन आदळतो. मागे घ्यावं तर पुन्हा तेच. विंडोज १० चं आयुष्य संपलं म्हणून गेल्याच आठवड्यात मशीन विंडोज ११ वर नेलेलं. त्यामुळे आरोपी शोधायची गरजच पडत नाही. दुरुस्तीला आलेला मुलगा दोन मिनिटं माऊस हलवून बघतो आणि निकाल देतो, "काका, फॉरमॅट मारूया. नवी विंडोज टाकतो, सगळं क्लीन होईल." काका हादरतात. "अरे बाबा, माझे फॉन्ट, दहा वर्षांच्या पत्रिका, सगळं त्यातच आहे!"

फॉरमॅट हे आपल्याकडचं रामबाण औषध होऊन बसलंय. ताप आला तरी तेच, ठेच लागली तरी तेच. वास्तविक माऊस नेमका कसा बिघडलाय, एवढंच नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

त्यासाठी माऊस मुळात काय करतो ते माहीत हवं. माऊसला आपण कुठे आहोत हे कळत नसतं. मघापेक्षा आत्ता किती सरकलो, एवढंच तो सांगतो. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जो माऊस जगाला दाखवला, त्याच्या पोटात एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. एक आडवं सरकणं मोजायचं, दुसरं उभं. पुढे गोळीचा माऊस आला. त्या काळात कम्प्युटर शिकलेल्यांना गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडल्याचं आठवत असेल. आजच्या माऊसच्या पोटात दिवा आणि इवलासा कॅमेरा असतो. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये आणलेला इंटेलिमाऊस एक्सप्लोरर सेकंदाला १,५०० चित्रं टिपायचा. टेबलाच्या पृष्ठभागावरचे बारीक खडबडीत कण लागोपाठच्या दोन चित्रांत किती सरकले, यावरून हालचालीचा हिशेब होतो. तो हिशेब यूएसबीतून कम्प्युटरला जातो, साध्या माऊसचा साधारणपणे सेकंदाला १२५ वेळा. मग विंडोज त्यावर वेगाचं गणित करून कर्सर हलवते.

पृष्ठभाग, कॅमेरा, वायर किंवा रेडिओलहरी, यूएसबी, ड्रायव्हर, सेटिंग अशी ही साखळी आहे. विंडोजच्या अपडेटचा हात तिच्या शेवटच्या दोन-तीन कड्यांपर्यंतच पोचतो.

पहिली कडी तर डोळ्यांसमोरच असते. काउंटरवर जाड काच, काचेखाली व्हिजिटिंग कार्डं, देवाचा फोटो, मागच्या वर्षीचं कॅलेंडर. गुळगुळीत पारदर्शक काचेवर साध्या ऑप्टिकल माऊसला धड कण सापडत नाहीत, आणि खालच्या कार्डांवरची अक्षरं दिसली न दिसली करत त्याला चकवतात. माऊसखाली एक साधा पांढरा कागद सरकवून बघावा. कर्सर शांत झाला तर विंडोज निर्दोष. माऊस उलटा करून भिंगावर केस किंवा कागदाचा भुगा अडकलाय का, तेही पाहावं. झेरॉक्सच्या दुकानात कागदाच्या धुळीला काय तोटा!

आता अपडेटवरच्या आरोपाकडे वळू. तो नेहमीच खोटा असतो असं नाही. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटनंतर काही कम्प्युटरवर यूएसबीची उपकरणं आणि लॅपटॉपमधले कॅमेरा, कीबोर्ड, माऊस चालेनासे झाले होते. त्यावरची दुरुस्ती ५ मार्चला आली. अलीकडचा किस्सा तर आणखी गमतीचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि त्याच दिवशी विंडोज ११ साठी आलेल्या केबी ५०६६८३५ या अपडेटने एक विचित्र खोडी केली. एरवी माऊस छान चालायचा, पण मशीन बिघडल्यावर जिथून दुरुस्त करायचं त्या रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबीचा माऊस आणि कीबोर्ड दोन्ही ठप्प. आग लागल्यावरच बंब सुरू होऊ नये, तसलाच प्रकार. मायक्रोसॉफ्टने ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला, वेगळी दुरुस्ती पाठवली. तोवर ज्यांच्या मशीनला जुना गोल पीएस/२ पोर्ट होता, त्यांना अडगळीतला हिरव्या पिनचा माऊस उपयोगी पडणार होता.

मात्र या दोन्ही वेळी माऊस बंद पडला होता. उड्या मारणं हे वेगळं लक्षण.

अपडेटमुळे किंवा नव्याने विंडोज टाकल्यामुळे होणारे बदल बहुधा अधिक साधे असतात. कर्सर उडत नाही, पण हात तेवढाच हलवूनही कधी कमी, कधी जास्त सरकतो, अशी तक्रार असेल तर 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण बघावी. ती चालू असली की हात जोरात हलवल्यावर कर्सर प्रमाणाबाहेर लांब जातो. नेमकी रेघ ओढणारे डीटीपीवाले ती काढून टाकतात, आणि नवी विंडोज पडली की ती आपसूक परत येते. थोडा वेळ हात न लावल्यास माऊस झोपतो आणि पहिला क्षण वाया जातो, असं असेल तर वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी निजवते आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली खूण काढली की झालं. मोठ्या अपडेटनंतर पहिला दिवसभर मशीन आतल्या आत फायलींची यादी लावत असतं. जुन्या हार्डडिस्कवर तेवढ्यानेही कर्सर अडखळतो. तिथे एक दिवस थांबणं हाच इलाज.

ड्रायव्हरचं भूत मात्र उगाच मोठं करून ठेवलंय. साध्या माऊसचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, कुठून उतरवून घ्यावा लागत नाही. इंटरनेटवर फुकट मिळणारे 'ड्रायव्हर अपडेटर' तर मशीनमध्ये येऊच देऊ नयेत. नवा ड्रायव्हर खरोखरच बाधला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर'ची सोय आहे, आणि विंडोज १० वरून ११ वर गेलेल्यांना एरवी १० दिवसांत जसंच्या तसं मागेही फिरता येतं.

विंडोजला एका झटक्यात निर्दोष ठरवायचं तर आणखी एक युक्ती आहे. मशीन सुरू होताना बायोसमध्ये शिरावं. बऱ्याच नव्या मशीनच्या बायोसमध्ये माऊस चालतो. त्या वेळी विंडोज जागीही झालेली नसते, तेव्हा तिथेही कर्सर उडत असेल तर दोष तिचा नाही.

काकांच्या मशीनवर तसंच होतं. बायोसमध्येही कर्सर उड्या मारत होता. कागद सरकवून झाला, सेल नवे टाकून झाले, फरक शून्य. मग मुलगा सीपीयूच्या मागे वाकतो. माऊस वायरलेस. त्याचा नखाएवढा रिसीव्हर मागच्या यूएसबीत, आणि त्याला खेटून निळ्या पोर्टात एक बाहेरची हार्डडिस्क.

"ही कधी लावलीत काका?"

"अपडेटच्या आदल्या दिवशी. सगळ्या पत्रिकांचा बॅकअप घेतला ना!"

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. निळा पोर्ट म्हणजे बहुधा यूएसबी ३.०. त्यातून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती धावते, आणि त्या धावपळीचा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. वायरलेस माऊस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर शोधनिबंध काढून सांगितलं होतं की पोर्ट, वायर आणि खुद्द उपकरण यांतून निसटणाऱ्या या गोंगाटात जवळच्या रिसीव्हरला माऊसचा आवाज ऐकू येत नाही. संदेश गळतात, कर्सर थबकतो. पुढचा संदेश पोचला की तो एकदम उडी घेतो. हार्डडिस्कवर काही कॉपी होत असताना त्रास वाढतो, तोही यामुळेच. लग्नाच्या मांडवात डीजेला टेकून फोनवर बोलल्यासारखं हे.

उपाय अगदीच किरकोळ निघाला. दुकानातच पडलेली एक यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर पुढे, काउंटरवर आणला. हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली. खरं तर बॅकअपची डिस्क कायम मशीनला लटकवून ठेवूच नये, व्हायरस शिरला तर दोन्हीकडचं जातं. पण तो वाद मुलाने त्या दिवशी घातला नाही.

काका गणपतीची सोंड एका दमात पुरी करतात. फाइल बंद करून दुसरी निवडायला एकदा क्लिक करतात, तर ती धाडकन उघडतेच. पुन्हा एकदा क्लिक, पुन्हा तेच. एका दाबात दोन क्लिक.

"हेही त्या डिस्कमुळेच का रे?"

मुलगा मान हलवतो. डाव्या बटणाखालच्या खटक्यातली पातळ पत्री झिजली असणार. तो माऊस उलटा करून खालच्या गुळगुळीत पट्ट्या नखाने सोलायला लागतो, कारण स्क्रू त्यांच्याखाली लपलेले असतात.