डिलीट केलेला ईमेल कुठे-कुठे उरतो?

‘डिलीट’ दाबल्यावर ईमेल नजरेआड होतो. नष्ट व्हायला वेळ लागतो.

● ट्रॅश : जीमेलमध्ये ट्रॅशमधला ईमेल ३० दिवसांनी आपोआप काढला जातो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन या ईमेल सेवेवर ट्रॅश रिकामा केल्यावरही ईमेल एरवी १४ दिवस परत मिळवता येतो. ॲडमिन ही मुदत ३० दिवसांपर्यंत वाढवू शकतो.

● सर्व्हरची डिस्क : फाइल काढली तरी त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर शिल्लक असतो. हार्ड डिस्कवर ती जागा ओव्हरराइट करता येते. एसएसडी मात्र नवा मजकूर दुसऱ्याच जागी लिहिते, त्यामुळे तिथे हा उपाय भरवशाचा नाही.

● बॅकअप : जुन्या बॅकअपमधून एकच ईमेल वेचून काढणं फार जिकिरीचं. म्हणून बॅकअपची मुदत ठरवून तो पूर्णच पुसतात. दुसरा मार्ग : डेटा पहिल्यापासून एन्क्रिप्ट करून ठेवायचा आणि वेळ आली की तो उलगडणारी किल्ली (‘की’) नष्ट करायची. किल्लीच्या सगळ्या प्रती गेल्या की उरलेला डेटा वाचता येत नाही.

● गाजलेलं प्रकरण : नोव्हेंबर १९८६ मध्ये इराण-कॉन्ट्रा प्रकरण (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांना पुरवल्याचं) अंगाशी येताच अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधले अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइन्डेक्स्टर यांनी हजारो संदेश पुसले. बॅकअप टेपवर ते सापडले आणि चौकशीत पुरावा ठरले.

● आवाक्याबाहेरची प्रत : ज्याला ईमेल पाठवला तो दुसऱ्या सर्व्हरवर असेल, तर त्याच्या मेलबॉक्समधली प्रत आपल्या सर्व्हरवरून पुसता येत नाही.

● सावधान : कोर्टात प्रकरण सुरू असेल, तर संबंधित ईमेल पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं ठरू शकतं.