मचूळ विहिरी आणि ऊर्जेचा हिशेब

इस्राएली प्रजा तांबडा समुद्र ओलांडून तीन दिवस रानात चालली, तेव्हा तिला मारा येथे पाणी लाभले. परंतु ते कडू होते. परमेश्वराने मोशेला दाखविलेले लाकूड पाण्यात टाकताच ते गोड झाले, असे निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात आपण वाचतो. समुद्रकिनाऱ्यावर राहणाऱ्या वसईकराला ही कथा वेगळ्या रीतीने भिडते. ज्या विहिरींवर आपल्या वाडवडिलांनी केळी, पानवेली आणि भाजीचे मळे फुलविले, त्यांपैकी कित्येक आज मचूळ झाल्या आहेत. हे पाणी यंत्राने गोडे करता येईल का, आणि सौरऊर्जेमुळे ते फुकट पडेल का, असे आता विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र अंकांच्या साहाय्याने शोधावे लागेल.

प्रथम उपशाचा विचार करू. एक हजार लिटर पाणी दहा मीटर वर उचलण्यास शास्त्रीय हिशेबाने विजेचे अवघे ०.०२७ युनिट लागते. मोटर व पंप यांतील गळती धरून कार्यक्षमता ४० टक्के मानली, तर हा खर्च ०.०७ युनिटच्या आसपास जातो. युनिटला आठ रुपये धरल्यास हजार लिटरमागे ५५ पैसे होतात. डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट उष्णता असते. लहान इंजिन तिचा जेमतेम चौथा भाग कामी लावते आणि त्यातला निम्माच पाण्यापर्यंत पोहोचतो. लिटरला नव्वद रुपये धरले, तर तेच पाणी सुमारे दोन रुपयांना पडते.

सौरपंपाला इंधन लागत नाही, पण भांडवल लागते. एक किलोवॅटच्या संचाला साठ हजार रुपये लागले आणि ते दहा टक्के व्याजाने वीस वर्षांत फेडायचे ठरविले, तर वर्षाचा हप्ता सुमारे सात हजार रुपये होतो. असा संच आपल्याकडील उन्हात वर्षाला साधारण चौदाशे युनिट देतो. म्हणजे युनिट पाच रुपयांना पडले. परंतु पावसाळ्यात व इतर दिवशी मिळून पंप अर्धे वर्ष बंद राहिला, तर तेच युनिट दहा रुपयांचे होते. सूर्यप्रकाश फुकट असतो, पण तो पकडणारे यंत्र फुकट नसते.

आता क्षार काढण्याकडे वळू. पाणी उकळून त्याची वाफ थंड करणे हा सर्वांत जुना मार्ग. पण हजार लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ६२७ युनिट उष्णता लागते. तेवढ्यासाठी डिझेल जाळल्यास साठाहून अधिक लिटर खर्ची पडेल. काचेखाली पाणी ठेवून उन्हाने वाफ करणारी पेटी चौरस मीटरमागे दिवसाला तीनेक लिटर पाणी देते. म्हणजे रोज हजार लिटरसाठी सव्वातीन गुंठे जागा काचेने झाकावी लागेल.

उलट परासरणाच्या पद्धतीत, म्हणजे आपण ज्याला ‘आरओ’ म्हणतो त्यात, पाणी दाबाने सूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते. पाण्यात क्षार जितके अधिक, तितका दाब अधिक. म्हणून समुद्राच्या पाण्याला हजार लिटरमागे तीन ते चार युनिट लागतात, तर मचूळ पाण्याला बहुधा एक ते दोन. विजेच्या दराने हा खर्च आठ ते सोळा रुपये, तर डिझेलच्या जनित्रावर सुमारे तीस ते साठ रुपये होतो. पडदे, गाळण्या आणि देखभाल यांचा खर्च वेगळाच. सौरऊर्जेवर संयंत्र चालवायचे असेल, तर महागड्या बॅटऱ्यांत वीज साठविण्यापेक्षा दिवसा पाणी शुद्ध करून ते टाकीत साठविणे शहाणपणाचे. कमी क्षारांच्या पाण्यासाठी विद्युत-अपोहन हाही पर्याय आहे. अमेरिकेतील एमआयटी ही संस्था आणि जळगावची जैन इरिगेशन यांनी सौरऊर्जेवर चालणारी अशी यंत्रणा तयार केली व तिला २०१५ साली आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गोडे पाणी उपसण्यापेक्षा मचूळ पाणी गोडे करणे, केवळ ऊर्जेच्या हिशेबानेही, पंधरा ते तीस पट महाग आहे. पाच जणांच्या कुटुंबाला पिण्या-रांधण्यासाठी रोज पन्नास लिटर लागतात. तेवढ्याला एक रुपयाचीही वीज लागणार नाही. दहा गुंठ्यांच्या बागेला मात्र उन्हाळ्यात रोज पाच हजार लिटर लागू शकतात. तिथे चाळीस ते ऐंशी रुपयांची वीज रोज जाईल. घराला हा उपाय परवडेल, मळ्याला सहसा परवडणार नाही.

शिवाय या यंत्रातून क्षार नाहीसे होत नाहीत. लिटरमागे चार ग्रॅम क्षार असलेल्या हजार लिटरमधून सहाशे लिटर गोडे पाणी काढले, तर उरलेल्या चारशे लिटरमध्ये लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम क्षार उरतात. ते पाणी बावखलात वा वाडीत सोडले, तर आपणच आपली विहीर अधिक खारट करू.

याहून गंभीर धोका स्वस्त ऊर्जेचा आहे. किनाऱ्यालगत गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. स्थूल नियम असा, की समुद्रसपाटीपासून गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली उतरली, तर खाली दडलेले खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकते. रहाट हळूहळू पाणी काढी आणि विहिरीला पुन्हा भरण्यास अवसर देई. मोटर तो देत नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना आली. त्याच वर्षीच्या सौरपंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्केच रक्कम भरावी लागते. कष्टकऱ्याला हा दिलासा आहेच. पण पुढच्या तासाच्या उपशाला पैसे पडत नाहीत, तेव्हा मोटर बंद करण्याचे कारणही उरत नाही. बिल शून्य येते. किंमत शेजाऱ्याची विहीर मोजते.

टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध वसईने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, तो याच जाणिवेतून. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे प्रतिपादन केले आहे.

म्हणून, वाचकहो, जिथे विहीर बिघडलीच आहे तिथे धर्मग्रामाने पिण्यापुरते सामाईक संयंत्र जरूर उभारावे आणि त्याच्या सांडपाण्याची व्यवस्था आधी ठरवावी. परंतु जिथे पाणी अजून गोडे आहे, तिथे बावखले बुजू न देणे, छपरावरचे पावसाचे पाणी विहिरीत उतरविणे, ठिबक सिंचन करणे आणि मोटरीला विश्रांती देणे हेच सर्वांत स्वस्त क्षारनिर्मूलन होय. माराचे पाणी गोड झाले ही देवाची कृपा. गोडे पाणी कडू होऊ न देणे ही आपली जबाबदारी.