लॅक्स्टन : कुंपणाविना टिकलेली शेती

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील लॅक्स्टन या गावात खुल्या रानांची मध्ययुगीन शेतीपद्धत, म्हणजे एकाच विस्तीर्ण रानात अनेक शेतकऱ्यांनी कुंपणाविना आपापले लांबट पट्टे कसण्याची रीत, अजूनही चालू आहे. मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी येथील तीन राने असून, एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातील पेरा आणि तिसऱ्याला विसावा, असा फेरपालटाचा मूळ क्रम होता. मार्क पिअर्सने १६३५ मध्ये काढलेल्या गावाच्या नकाशात प्रत्येक पट्टा दिसतो आणि त्यांत नांगरणारी, कापणी करणारी माणसेही रेखाटलेली आहेत.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी इतरत्र अशी राने कुंपणांत वाटली गेली आणि सामाईक चराईचे हक्क संपले. लॅक्स्टनची जमीन मात्र प्रामुख्याने दोन उमराव घराण्यांत विभागलेली होती व त्यांचे एकमत झाले नाही, हे रीत वाचण्याचे मुख्य कारण मानले जाते.

गावाची दुसरी चौकट पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील क्षेत्राची. १५३८ च्या आदेशानंतर इंग्लंडमधील पॅरिशांना बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवाव्या लागल्या आणि १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाचा भारही त्यांच्यावर आला. लॅक्स्टनच्या सेंट मायकेल चर्चमध्ये एव्हरिंगहॅम या जमीनदार घराण्याच्या समाधिमूर्ती असून त्यांतील एक लाकडी आहे, आणि इतक्या जुन्या लाकडी मूर्ती इंग्लंडमध्ये फार थोड्या उरल्या आहेत.

तरीही रानांची खरी राखण 'कोर्ट लीट' या ग्रामन्यायालयानेच केली. जमिनीची मालकी १९५२ मध्ये सरकारच्या कृषी मंत्रालयाकडे, १९८१ मध्ये राजघराण्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये जुन्या मालकघराण्याशी निगडित थोर्सबी इस्टेटकडे गेली, पण न्यायालयाचा क्रम मोडला नाही. १९७७ च्या कायद्याने अशा न्यायालयांचे अधिकार जवळपास सर्वत्र काढून घेतले, तेव्हाही लॅक्स्टनचा नावानिशी अपवाद करण्यात आला. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावकऱ्यांची ज्युरी हिवाळी पेरणी झालेल्या रानात पायी फिरते, पट्ट्यांच्या सीमांवर खुंट्या ठोकते आणि कोणी रस्त्यावर किंवा 'साइक' म्हणून राखलेल्या सामाईक गवताळ पट्टीवर नांगर घातला असेल, तर त्याची नोंद करते. पुढच्या आठवड्यात न्यायालय बसून दंड ठरवते आणि पुढील वर्षी गव्हाखाली येणाऱ्या रानासाठी नव्या ज्युरीला शपथ देते.