मैत्री, शील आणि वाचनमंडळ

ग्रंथ हा मनुष्याचा मित्र होय, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु ग्रंथांच्या योगाने मुलांस एकमेकांची मैत्री लाभावी व त्या मैत्रीतून शील घडावे, यासाठी काय करावे याचा विचार क्वचितच होतो. पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांचे वाचनमंडळ हा त्यास एक सुलभ उपाय आहे. ते कसे चालवावे, हे थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

मंडळ लहान असावे. आठदहांहून अधिक मुले जमली की बोलकी तेवढी बोलतात व अबोल ती अबोलच राहतात. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास पुरे. आमच्या मोर्शीच्या बाजूस कापसाची वेचणी व संत्र्यांची तोडणी सुरू झाली की पुष्कळ मुलांस घरी हातभार लावावा लागतो. त्या दिवसांत लहान गोष्टी घ्याव्या, मोठे पुस्तक पावसाळ्यात वाचावे. प्रती थोड्या असल्यास पाळीपाळीने मोठ्याने वाचावे.

कथा संपताच 'तात्पर्य काय?' असे मात्र विचारू नये. तात्पर्य मुलांस पाठच असते. ते सांगून ती मोकळी होतात. त्याऐवजी त्यांच्यापुढे पेच ठेवावा. 'हितोपदेशा'तील मित्रलाभ घ्या. जाळ्यात सापडलेला कपोतराज चित्रग्रीव आपल्या मित्रास, हिरण्यक उंदरास, सांगतो की, आधी माझ्या अनुचरांचे पाश तोड, माझे मागाहून. येथे थांबून विचारावे, 'उंदराचे दात मध्येच दुखावले असते तर? तुम्ही चित्रग्रीवाच्या जागी काय केले असते?' कर्णाने मित्राचे ऋण फेडले. पण मित्र अन्याय करीत असता त्यास साथ देणे ही मैत्री म्हणावी काय? तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचे 1981 साली निघालेले 'तोत्तोचान' मराठीतही मिळते. त्यातील चिमुकली तोत्तोचान पोलिओने अधू झालेल्या यासुआकीस मोठ्या कष्टाने आपल्या झाडावर चढविते. परंतु घरून निघताना ती आईस खरे सांगत नाही. हे योग्य झाले काय? मुलांत दोन पक्ष पडतील, ते पडू द्यावेत. शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये.

तथापि शिलाची खरी कसोटी पुस्तकाबाहेर लागते. अडखळत वाचणारा कोणी तरी प्रत्येक मंडळात असतोच. त्याच्या पाळीस कोणी हसला, तर तो पुढील शनिवारी येत नाही. आणि मैत्रीच्या गोष्टी वाचणाऱ्या मंडळातूनच एक मित्र उणा होतो. म्हणून शिक्षकाने त्याचा उतारा त्यास दोन दिवस आधी द्यावा, व त्याने मागितल्यावाचून कोणी शब्द सुचवू नये, असा नियम पहिल्याच दिवशी घालावा. धीर धरून ऐकणे हेही मित्रकर्तव्यच होय.

पालकांसही एक विनंती. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात 2015 पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. तो उत्तमच, परंतु एका दिवसाने सवय जडत नाही. रात्री जेवणे झाल्यावर 'किती पाने वाचलीस?' असे न विचारता 'काय वाचलेस ते सांग पाहू' असे म्हणावे, आणि मग 'तू त्याच्या जागी असतास तर?' असे विचारावे. ज्या मातापित्यांस अक्षरओळख नाही, त्यांनाही हे सहज साधेल.

आणि विद्यार्थिमित्रहो, येत्या शनिवारी मंडळास येताना, आजवर मागे बसून राहिलेल्या एखाद्या सोबत्यास बरोबर घेऊन या.